हायड्रा आणि तात्यांचं बोट

दिवाळीला भूमकडच्या आमच्या गावी गेलो, तर चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या हाताला पट्टी. कडबा कुट्टीत बोट दुसऱ्या पेरापासून गेलेलं. वर कुणीतरी त्यांना एक जाहिरात आणून दिली होती, मूलपेशींनी म्हणे अवयव पुन्हा वाढतो. "तू इंजिनिअरिंगला हाईस, खरं का रं हे?" तात्यांनी विचारलं. आता आमचा विषय यंत्रांचा, पण हॉस्टेलवर परतल्यावर वाचत बसलो.

अवयव पुन्हा वाढवणारा प्राणी आपण बायॉलॉजीच्या पुस्तकात पाहिलेला आहे. हायड्रा! गोड्या पाण्यात राहणारा, जेमतेम सेंटिमीटरभर. त्याचं डोकं कापलं की दोन-तीन दिवसांत नवं येतं. आब्राहम ट्रेम्ब्ले यांनी हे 1740 च्या दशकातच दाखवलं होतं. 1972 मध्ये आल्फ्रेड गिअरर आणि सहकाऱ्यांनी तर कमाल केली. हायड्राच्या पेशी सुट्या केल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यांचा गोळा केला, आणि काही दिवसांत त्या गोळ्यातून पुन्हा हायड्रे तयार झाले. इंजिनाचे नटबोल्ट पोत्यात भरून ठेवावेत आणि पोत्यातून चालू इंजिन निघावं, तसंच की!

याचं कारण मूलपेशी. स्वतः विभागत राहायचं आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडवायच्या, हे त्यांचं काम. हायड्राच्या धडात त्या भरपूर असतात आणि कधी थांबत नाहीत. पण नुसता माल असून भागत नाही. डोकं कुठं, पाय कुठं, हा नकाशा लागतो. पेशी तो एकमेकींना रासायनिक निरोप देऊन ठरवतात.

या निरोपांवर आपल्या पुण्यात काम झालंय. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रातलं 'नॉगिन' जनुक शोधलं. पाठकणा असलेल्या प्राण्यांच्या गर्भात पाठ आणि मेंदू घडताना हेच जनुक लागतं. जपानी शास्त्रज्ञांसोबत त्यांनी ते बेडकाच्या गर्भात तपासलं, तर तिथंही ते काम करतं असं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे निरोपाची भाषा फार जुनी, आपल्याही शरीरात आहे.

मग आपलं बोट का येत नाही? आपल्या मूलपेशी वाटून दिलेल्या आहेत. मज्जेतल्या रक्त बनवतात, कातडीतल्या कातडी. बोटाला हाड, स्नायुबंध, नस, रक्तवाहिनी सगळं जागच्या जागी हवं, आणि आपली जखम त्याआधीच व्रण धरून बंद होते. लहान मुलांच्या बोटाचं टोक नखापाशी तुटलं तर पुष्कळदा भरून येतं. दुसरं पेर येत नाही.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचण्यांतच करायचा, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. जाहिरातीत मात्र हप्त्यांची सोय छापलेली होती.

तात्यांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी न्हाई ना?"

"नाही तात्या. अजून तरी नाही."

"बरं झालं इचारलं. म्हैस इकायला काढली होती मी."