बैठकीतला संगणक आणि आजींचा आवाज

मावळातला पाऊस कपाटाच्या आतही शिरतो, हे इंदुरीत राहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. आमचे घर जुन्या दगडी बांधणीचे. श्रावणात भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. गेल्या दीपावलीच्या साफसफाईत माळ्यावरून व्हिडिओ कॅसेटींचा एक खोका निघाला. विवाह, वास्तुशांती, नव्या दुकानाचे उद्घाटन आणि आजींच्या वर्षीतपाचे अक्षय्य तृतीयेचे पारणे. पाच कॅसेटींच्या फितींवर पांढरी बुरशी चढली होती. आजींना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांचा आवाज आमच्या घरात अन्यत्र कोठेही जतन केलेला नाही.

कॅसेटी संगणकावर उतरवून बैठकीच्या खोलीतील मोठ्या टीव्हीवर सर्वांनी मिळून पाहाव्यात, असे ठरले. त्यासाठी वेगळा संगणक घेण्याचे काम काकाजींनी माझ्याकडे सोपविले. "पैशाकडे पाहू नकोस, पण पैसा वायाही घालवू नकोस," एवढीच त्यांची सूचना. त्यातला पहिला भाग मी नीट ऐकला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चकरा मारून मी जे यंत्र जुळवून आणले, ते खरे तर संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणांच्या कामाचे होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड, साडेसहाशे वॉटचा पॉवर सप्लाय, चार पंखे. पहिल्याच संध्याकाळी पारण्याची चित्रफीत लावली. पडद्यावर आजी इक्षुरसाचे पात्र हाती घेऊन काही सांगत होत्या. काकाजींनी खुर्ची दोनदा पुढे ओढली आणि मग म्हणाले, "अरे, हा आवाज आईचा आहे की पंख्याचा?"

चित्र बंद करून मी अभ्यासाला बसलो, तो खरेदीच्या आधी करायला हवा होता.

आजचे चित्रपट व चित्रफिती दाबून, आकुंचित करून साठविलेल्या असतात. त्यांच्या दोन नव्या पद्धती विशेष चालतात : २०१३ मधील एच.२६५ आणि २०१८ मधील एव्ही१. त्या उलगडण्यासाठी प्रोसेसरच्या चिपमध्येच एक स्वतंत्र भाग असतो. तो असेल तर काम थंडपणे होते. नसेल तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, तो तापतो आणि पंखा ओरडू लागतो. तेव्हा दुकानदाराला "किती गिगाहर्ट्झ?" असे विचारण्यापेक्षा "दहा बिटचे ४के एच.२६५ आणि एव्ही१ हार्डवेअरवर उलगडते का?" असे विचारावे. इंटेलचा २०२३ मधील एन१०० हा लहान प्रोसेसर अवघ्या ६ वॉटच्या वर्गातला. त्याला हे दोन्ही जमते. सोबत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असली की घरच्या कामाला पुरते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही.

जुन्या कॅसेटींचा हिशेब तर त्याहून साधा आहे. आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र संगणकावर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे उतरते. ४के टीव्हीचे बिंदू ३८४० गुणिले २१६०. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. म्हणजे मूळच्या एका बिंदूच्या जागी पडद्यावर वीस बिंदू भरायचे. कितीही महागडे यंत्र घेतले तरी जे टिपलेच गेले नाही ते त्यातून खात्रीने परत येणार नाही. मात्र एक गोष्ट फुकटात सुधारते. पालचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे, प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत विभागलेली. संगणक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवीत असेल तर चालणारी माणसे अडखळत चालल्यासारखी दिसतात. तो आकडा ५० करावा. कोडी या मोफत प्रणालीत हे आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे. आमच्या घरच्या वरातीतला घोडा या एका बदलाने सरळ चालू लागला.

एचडीएमआय १.४ चे तोंड ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच देते. ६० साठी २.० लागते. स्वस्त यंत्रांत नेमकी येथेच काटकसर केलेली असते. ओटीटीसाठी मात्र संगणक घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. अनेक सेवा संगणकावर सरसकट ४के दर्जा देत नाहीत. टीव्हीतले त्यांचे ॲप त्या कामी अधिक बरे.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. शंभर वॉट खाणारे यंत्र अहोरात्र चालू ठेवले तर महिन्याला ७२ युनिट जळतात. दहा वॉटचे यंत्र रोज चार तास चालविले तर सव्वा युनिटही होत नाही. हा कागद मी काकाजींपुढे ठेवला, तेव्हा कुठे दुसऱ्या खरेदीला अनुमती मिळाली. पहिले यंत्र पुतण्याने मोठ्या आनंदाने उचलून नेले.

वाचलेला पैसा मी साठवणुकीवर घातला. एसएसडी नि:शब्द असते. हार्ड डिस्कची खरखर रात्री ऐकू येते, म्हणून ती आतल्या खोलीत ठेवून केबलने जोडली. आमच्या जाड भिंतींतून वायफायचा भरवसा नाही. मिनीडीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरविली तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि तिला फायरवायरचे तोंड हवे, जे नव्या संगणकांत सहसा मिळत नाही. एखादा जुना संगणक त्यासाठी सांभाळून ठेवावा. साऱ्या चित्रफितींच्या दोन प्रती घरात आणि तिसरी पुण्याला बहिणीकडे आहे. पावसाळ्यातली विजेची ये-जा पाहता यूपीएस आणि चांगले अर्थिंग यांत कसर करू नये.

रिमोटचा प्रश्न मी अगदी शेवटी विचारात घेतला. तो आधी घ्यायला हवा होता. टीव्हीच्याच रिमोटने सारे चालावे, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. बहुतेक संगणकांत ती सोय नसते. रास्पबेरी पायमध्ये असते. २०१९ चे त्याचे चौथे रूप ४के एच.२६५ उलगडतेही, मात्र एव्ही१ त्याच्या आवाक्याबाहेरचे. आम्ही यूएसबीचा वेगळा, मोठ्या बटणांचा रिमोट घेतला. काकूंनी त्याच्या तीन बटणांवर रंगीत कापडी पट्ट्या चिकटविल्या आहेत.

अक्षय्य तृतीयेला पारण्याची चित्रफीत पुन्हा लावली. या वेळी खोलीत दुसरा आवाज नव्हता. आजी रस घेण्यापूर्वी शेजारच्या कोणाला तरी विचारत होत्या, "मुले जेवली का?" काकाजींनी ते तीनदा मागे नेऊन ऐकले. बुरशी लागलेल्या पाच कॅसेटी अजून तशाच आहेत. तशा स्थितीत त्या व्हीसीआरमध्ये घातल्या तर बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटीही बिघडतात. सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या बंद डब्यात ठेवल्या आहेत, आणि फीत स्वच्छ करून देणाऱ्या जाणकाराचा शोध चालू आहे.