पाटणकरांचे 'पातानकारु'

पाटण, कराड, तासगावकडची माणसे एकेकाळी नोकरीसाठी मुंबईची गोदी आणि गिरण्या गाठत. आता त्यांची नातवंडे टोकियोपर्यंत पोहोचू लागली आहेत. तिथे बँकेत खाते उघडायला गेले, की काउंटरवरची बाई कमरेत वाकून विचारते, "आपले आडनाव काताकानात कसे लिहायचे?" आणि आपला पाटणकर गोंधळतो.

काताकाना ही परकीय नावांसाठीची जपानी लिपी. ती थोडी आपल्या बाराखडीसारखी आहे. प्रत्येक अक्षर स्वर घेऊनच येते. एक 'न्' सोडला तर पाय मोडलेले अक्षर तिथे नाही. 'कर'मधल्या शेवटच्या 'र्'ला म्हणून उकाराची काठी द्यावी लागते. ट आणि त, ण आणि न यांत भेद नाही. झाले, पाटणकरांचे 'पातानकारु' झाले! सावंतांचे 'सावान्तो' होतात. र, ल आणि ळ या तिघांना मिळून एकच घर, त्यामुळे पारकर-पालकर आणि गोरे-गोळे एकाच नावाचे ठरतात.

'ति'च्या जागी मुळात 'चि' आणि 'दि'च्या जागी 'जि'. गांधीजी जपानी पुस्तकांत 'गान्जी' झाले ते यामुळेच. १९९१ साली जपान सरकारने परकीय शब्दांच्या लेखनाचे नियम जाहीर केले, त्यात 'ति', 'दि'साठी जोडअक्षरे मान्य झाली. म्हणून आजचे पाटील 'पातिरु' होतात, नाहीतर 'पाचिरु' झाले असते.

हा नुसता गमतीचा विषय नाही. बँकेत उमर काढलेल्या माझ्यासारख्याला त्यातली मेख लगेच कळते. २०१२ पासूनच्या निवासी ओळखपत्रावर परदेशी माणसाचे नाव रोमन लिपीत असते, बँकेचे व्यवहार मात्र काताकानात चालतात. 'पा' लांब आहे हे दाखवायला एक आडवी रेघ मारतात. खात्यात रेघ आहे आणि पगार पाठवणाऱ्याने ती गाळली, तर पैसे अडकू शकतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव आणि पासबुकावर दुसरे, म्हणून हेलपाटे घालणाऱ्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको. तिथे मुरलेली माणसे म्हणूनच सांगतात, की पहिल्या दिवशी एक लेखन ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

योगेंद्र पुराणिक यांनी तर आणखी सोपी वाट धरली. जपानी नागरिक झालेले हे मराठी गृहस्थ २०१९ साली टोकियोतल्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये मतदार उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो. पुराणिकांनी नाव घेतले 'योगी', अवघी दोन अक्षरे!

उलट बाजूही पाहावी. नागपूरच्या दीक्षाभूमीशी जोडले गेलेले भदंत ससाई मूळचे 'शूरेइ'; आपल्या जिभेने त्यांचे 'सुरई' केले. ते १९८८ साली भारताचे नागरिक झाले आणि ते नावही आपलेच होऊन गेले. आपल्या आजोबा-पणजोबांनी एल्फिन्स्टनसाहेबाचा 'अल्पिष्टन' केला, तेव्हा त्यांनी कुठे साहेबाची परवानगी घेतली होती?

शिवाय ती लिपी आपल्याला अगदीच परकी नाही. अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना हा तिच्या अक्षरांचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने चीनमधून सिद्धम् लिपीचे ज्ञान आणले आणि कोयासान पर्वतावर मठ उभारला. तिथल्याच विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. जपानी लोक त्यांचे नाव 'आम्बेदोकारु' असे घेतात. उच्चार बदलला म्हणून आदर कमी झालेला नाही.

तेव्हा जपानला निघालेल्या मुलामुलींनी ते एक लेखन घरातूनच ठरवून जावे, आणि त्या रेघेला जपावे. कागदावर 'पातानकारु' झाले म्हणून बिघडत नाही. घरी फोन आल्यावर आजीने "अरे पाटणकरांच्या पोरा" अशी हाक मारली, की त्यातला 'ण' त्याला ओळखता आला पाहिजे, एवढे मात्र पाहावे.