शाळा सुटल्यावरचं विज्ञान – लेखांक ५ : प्रकल्पाचा प्रश्न कुठून आणायचा?

गेल्या आठवड्यात आपण गणिताच्या परीक्षांबद्दल बोललो. पाचवी-आठवीची प्रावीण्य परीक्षा किंवा तिच्या पुढची प्रज्ञा परीक्षा, तिथे निदान प्रश्नपत्रिका समोर येते. विज्ञानाच्या प्रकल्पस्पर्धांमध्ये तीच येत नाही. प्रश्न मुलानेच आणायचा असतो, आणि घोडं अडतं ते इथेच. शाळेचा निरोप आला की पालकांच्या ग्रुपवर ‘सोपा प्रोजेक्ट सुचवा’ सुरू होतं. मग व्हिडिओ पाहून ज्वालामुखी होतो, सिरिंज जोडून जेसीबी होतो, थर्माकोलवर पवनचक्की उभी राहते. रंगकाम बाबा करतात, तक्ता आई लिहिते आणि मूल पाठ केलेली चार वाक्यं परीक्षकांना म्हणून दाखवतं. परीक्षकाने ‘असं का होतं?’ एवढं विचारलं की सगळं थांबतं.

या खटाटोपात मुलांची हुशारी कमी पडत नाही. त्यांना स्वतःच्या गावाकडे पाहायला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून या लेखांकासाठी मी एकच गाव घेतलं आहे, पुण्यालगतचं मांजरी बुद्रुक. इथे राहणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलाला प्रश्नांचा तुटवडा पडावा असं काही नाही. काठाने मुळा-मुठा वाहते आणि पलीकडे मांजरी खुर्द आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. ऊस आणि साखरेवर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथली. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी ती १९७५ मध्ये उभी केली. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच, १९९७ पासूनचं. सीरम इन्स्टिट्यूटचा लस-प्रकल्प इथे आहे. आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, तेव्हापासून शेताच्या बांधाला लागून बारा-चौदा मजली इमारती उठताना मुलं रोज पाहत आहेत. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला काँक्रीट आणि मधून जाणारी शाळेची वाट, एवढ्यात दहा प्रकल्प निघतील.

आधी स्पर्धा कोणत्या, ते पाहू. माध्यमिकपूर्व वयात तीन नावं कानावर येतात आणि तिन्हींची मागणी वेगवेगळी असते.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सगळ्यांत जुनी. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाने ती १९८१ मध्ये सुरू केली. ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते आणि मराठीतूनही देता येते. पहिली फेरी लेखी. तीतून वर आलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि त्यातून निवडलेल्यांना कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत द्यावी लागते. शेवटी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकं. लेखी फेरीभोवती आता क्लासचं मोठं जाळं झालं आहे, जाड पुस्तकं आहेत, सराव संच आहेत. पाठांतराच्या जोरावर मूल ती फेरी पारही करतं. पण प्रात्यक्षिकाला मोजपात्र हातात घ्यायची वेळ आली, की पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून खालच्या वक्राशी वाचायची, हे त्याला कुणी करून दाखवलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की या स्पर्धेचं खरं मोल दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत आहे. तयारीही तिथूनच सुरू करावी. ज्या मुलाने हाताने दहा गोष्टी मोजल्या आहेत, त्याला लेखी पेपर परका वाटत नाही.

दुसरी इन्स्पायर-मानक. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ती चालवतात. सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली तर नमुना बनवण्यासाठी मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी प्रदर्शनं होतात. इथे उपकरण किंवा उपाय लागतो. महापालिकेच्या शाळेतल्या मुलासाठी ही वाट फार महत्त्वाची आहे, कारण साहित्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. मात्र शाळेने नाव पाठवलं तरच. पालकांनी जूनमध्येच सरांना किंवा बाईंना विचारावं, ‘आपल्या शाळेची नोंदणी झाली आहे का?’ कितीतरी चांगल्या कल्पना नोंदणीअभावी वहीतच राहतात.

तिसरी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, १९९३ मध्ये सुरू झालेली. हिची पद्धत मला या वयासाठी सगळ्यांत योग्य वाटते. वय १० ते १७, त्यात लहान मुलांचा गट वेगळा. दर दोन वर्षांसाठी एक मध्यवर्ती विषय ठरतो. २०२२-२३ ला परिसंस्था आणि आरोग्य हा विषय होता. मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, तो गटाने तपासायचा, नोंदवही ठेवायची आणि आपल्या भाषेत मांडायचा. देखणं मॉडेल कुणी मागत नाही. यंदाचं वेळापत्रक आणि विषय शाळेकडून खात्री करून घ्यावेत. पण स्पर्धा असो वा नसो, ही पद्धत उचलण्यासारखी आहे. ती कशी, ते मांजरीतल्याच एका प्रश्नावर पाहू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या केशवनगर-खराडीच्या आकाशात वावटळीसारखा फिरणारा कीटकांचा खांब दाखवणारा व्हिडिओ देशभर फिरला. तिथूनच वाहणाऱ्या मुळा-मुठेच्या थोडं खाली मांजरी आहे. जलपर्णी इथेही साचते आणि संध्याकाळी खिडक्या बंद होतात. घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘जलपर्णीमुळे डास वाढलेत.’ मोठ्यांसाठी ती तक्रार असते. सातवीतल्या मुलाने ती तपासायला घेतली, की प्रकल्प सुरू झाला.

पहिला प्रश्न, हे सगळे डासच आहेत का? साचलेल्या घाण पाण्याजवळ डासांसारखीच दिसणारी एक माशी असते, कायरोनोमिड. ती चावत नाही, तिला डासासारखी लांब सोंड नसते. तिच्या अळ्या तळाच्या गाळात राहतात आणि रक्तासारख्या लाल दिसतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. डासाची अळी याउलट पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते. क्यूलेक्स आणि एडिसच्या अळ्या शेपटाकडची नळी पाण्याला टेकवून तिरक्या लटकतात, अॅनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. पांढरी वाटी, ड्रॉपर आणि साधं भिंग, एवढ्यावर हे ओळखता येतं. खिडकीच्या जाळीवर मेलेले कीटक गोळा करून सोंड आहे की नाही याची मोजणी केली, तरी अर्धा प्रकल्प झाला.

दुसरा प्रश्न, जलपर्णीचा संबंध खरा आहे का? इथे मुलं हमखास एक चूक करतात. जलपर्णीची एक बादली ठेवतात, तीत अळ्या दिसतात आणि ‘सिद्ध झालं’ असं लिहितात. जलपर्णी नसलेल्या बादलीतही तेवढ्याच अळ्या निघाल्या असत्या तर? म्हणून तुलनेची बादली लागते, तेच पाणी, तेवढंच पाणी, फक्त वनस्पती नाही. तीही एक पुरत नाही. जलपर्णीच्या तीन आणि बिनजलपर्णीच्या तीन बादल्या हव्यात, कारण एखादीत योगायोगाने एकाच मादीने अंडी घातली तर आकडा फुगतो. सहाही बादल्या एकाच रंगाच्या, एकाच सावलीत. दोन दिवसांनी त्यांच्या जागा आपसांत बदलायच्या, म्हणजे कोपऱ्याचा किंवा झाडाचा परिणाम निघून जातो.

आता पाहायचं काय? क्यूलेक्सची मादी दोन-तीनशे अंडी एकत्र चिकटवून पाण्यावर काळसर तराफा सोडते. तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि डोळ्यांना दिसतो. एडिसची मादी अंडी सुटी घालते, तीही पाण्याच्या रेषेवर, बादलीच्या ओल्या भिंतीला. सकाळी शाळेत जाण्याआधी तराफे मोजायचे, भिंत भिंगाने पाहायची, तापमान लिहायचं, आदल्या रात्री पाऊस होता का ते लिहायचं. पाण्याचा वासही नोंदवायचा. डेंग्यू पसरवणारा एडिस स्वच्छ पाणी पसंत करतो, क्यूलेक्सला घाण पाणी चालतं. तेव्हा नदीकडे बोट दाखवणाऱ्या सोसायटीच्या गच्चीवर, कुंडीखालच्या ताटलीत काय निघतं, हेही पाहायला हवं. कदाचित घराबाहेरचा डास आणि घरातला डास यांचे पत्ते वेगळे निघतील. असं निघालं तर मुलाचा प्रकल्प सोसायटीच्या सभेत वाचून दाखवण्याजोगा होईल.

या प्रयोगाला काळजीची बाजू आहे आणि तिथे तडजोड नको. मुलांनी नदीत उतरायचं नाही. पाणी मोठ्यांनी काढून द्यायचं, हातमोजे घालूनच हाताळायचं. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पाचव्या दिवशी बादल्या कोरड्या मातीवर, उन्हात ओतून टाकायच्या. गटारात किंवा पुन्हा नदीत नाही. जलपर्णीही वाळवूनच टाकायची, नाहीतर ती दुसरीकडे फोफावते. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागातल्या कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं तर उत्तमच. त्यांनी अळ्या ओळखायला शिकवलं, तर तासाभरात मुलांना जे मिळेल ते किटमध्ये मिळत नाही.

डासांचा कंटाळा असेल तर ऊस आहे. बुडख्याकडची कांडी गोड आणि शेंड्याकडची पाणचट, हे प्रत्येक शेतकरी सांगतो. मुलाने ते मोजून दाखवावं. द्राक्षबागायतदार गोडी पाहायला वापरतात तो हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्यायचा, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून ब्रिक्सचा आकडा वाचायचा. रसात विरघळलेली साखर जितकी जास्त, तितका प्रकाश अधिक वाकतो. तोडणीच्या दिवशी आणि नंतर रोज, तीन दिवस, तीच मोळी तपासली तर तोडलेला ऊस लवकर गाळपाला का न्यावा लागतो, याचा शोध सुरू होतो.

पालकांची मदत किती असावी, हा प्रश्न दर लेखांकानंतर कुणी ना कुणी विचारतं. मला वाटतं, वस्तू आणून द्यावी, पाणी काढून द्यावं, रात्री अंधारात बॅटरी धरावी, पण नोंदवहीला हात लावू नये. अक्षर वेडंवाकडं असू द्या. एखाद्या दिवशीची नोंद राहिली तर ‘आज पाहिलं नाही’ असंच लिहू द्या. मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाला खाडाखोड केलेली वही आणि एका बैठकीत उतरवलेली वही यांतला फरक लगेच कळतो.

साहित्य नाही म्हणून अडतंय असं वाटलं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली. पिंपरीच्या टेल्कोतली नोकरी मागे टाकून मुलांच्या विज्ञानाकडे वळलेले अरविंद गुप्ता तिथे दशकभर होते. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. जुन्या बाटल्या, स्ट्रॉ, रबरबँड यांची त्यांची कितीतरी खेळणी आज फुकट पाहता येतात, मराठीतूनही.

मोठी झेप हवी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डिसेंबर २०१३ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं आंतरराष्ट्रीय ज्युनियर सायन्स ऑलिम्पियाड पुण्यातच भरलं होतं. त्या स्पर्धेत बहुपर्यायी पेपरला ३० गुण, लेखी पेपरला ३० आणि प्रयोगाला ४०. हा प्रयोग तीन मुलांनी मिळून करायचा असतो. जगातल्या निवडक मुलांच्या स्पर्धेतही सर्वांत जास्त वजन हातांना आणि एकत्र कामाला दिलेलं आहे. म्हणून बादल्या एकट्याने नको, दोन-तीन मित्रमैत्रिणींनी मिळून ठेवाव्यात. एक मोजणारा, एक लिहिणारा आणि एक ‘पुन्हा मोज’ म्हणणारा.

पाऊस सुरू झाला की बादल्यांत डासांच्या अंड्यांचे तराफे दिसू लागतील. सहा बादल्या, भिंग आणि वही त्याआधी जमवून ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : अटल टिंकरिंग लॅब आणि लेगो लीग – रोबोटिक्स खर्चिकच असतं का?)