दाट उजेड

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये ‘ज्यू वधू’ नावाचं चित्र आहे. रेम्ब्रँटनं ते १६६५ ते १६६९ च्या दरम्यान, म्हणजे आयुष्याच्या अगदी अखेरीस रंगवलं. एक पुरुष, एक स्त्री, तिच्या छातीवर अलगद टेकलेला त्याचा हात आणि त्या हाताला स्पर्श करणारी तिची बोटं. सगळ्यांची नजर त्या हातांवर खिळते, आणि तसंच व्हायला हवं. पण नंतर थोडा वेळ पुरुषाच्या सोनेरी बाहीकडे बघावं. तिथला रंग कॅनव्हासवर अक्षरशः उभा आहे. उंचवटे, खळगे, ओरखडे. गवंड्यानं थापीनं गिलावा चढवावा, तसा तो थरावर थर चढलेला आहे. जवळून पाहिलं तर कापड कुठे दिसतच नाही. चार पावलं मागे सरकलं की जरीची चुण्यांची बाही लखलखते.

हे होतं कसं? रेम्ब्रँट सावल्या पातळ रंगवतो. पारदर्शक तपकिरी रंगाचा हलका हात, त्यातून खालचा थरही कधी कधी डोकावतो. जिथे प्रकाश पडायचा, तिथे मात्र तो शिशाचा सफेदा भरपूर वापरून रंग दाट करतो. मग भिंतीवर टांगलेल्या चित्रावर खोलीतला खरा उजेड पडला, की ते उंचवटे तो झेलतात. प्रत्येक उंचवट्याला स्वतःची चकाकी, स्वतःची बारीकशी सावली. रंगवलेला प्रकाश आणि खोलीतला प्रकाश तिथे एकमेकांत मिसळतात. मला तर वाटतं, प्रकाशाला वजन असतं असं मानणारा हा चित्रकार होता.

असा दाट रंग ओघळत का नाही, हे कोडं बरीच वर्षं टिकलं. २०१९ मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच्या काही चित्रांतले अगदी सूक्ष्म कण क्ष-किरणांखाली तपासले. त्यांना प्लंबोनॅक्राइट हे दुर्मीळ संयुग सापडलं. त्यावरून असं दिसतं, की रेम्ब्रँट तेलात शिशाचं ऑक्साइड, म्हणजे मुरदाडशिंग, मिसळत असावा. त्यामुळे रंग लोण्यासारखा घट्ट होतो आणि जिथे लावाल तिथे थांबतो. उत्तरकाळात तो कोबाल्टच्या निळ्या काचेची पूडही रंगात घाली, आणि तीही बऱ्याचदा निळाईसाठी नव्हे. रंगाला भरीवपणा यावा, तो लवकर वाळावा म्हणून. काच दळून उजेडाच्या कामाला लावणारा माणूस!

त्याचा जन्म १६०६ चा, लायडनचा. वडील चक्की चालवत. इटलीला जाऊन थोरांची चित्रं पाहणं तेव्हा चित्रकाराच्या शिक्षणाचा भागच समजलं जाई. हा कधीच गेला नाही. ॲमस्टरडॅममध्ये मात्र नाव झालं, पैसा आला, सास्कियाशी लग्न झालं. १६३९ मध्ये त्यानं तेरा हजार गिल्डरचं मोठं घर घेतलं. १६४२ मध्ये सास्किया गेली. त्याच वर्षी ‘नाइट वॉच’ पुरं झालं. या चित्रात रात्र नाहीच. वरचं वॉर्निश काळवंडल्यामुळे लोकांना ती पुढे दिसू लागली. १७१५ मध्ये नगरभवनातल्या भिंतीवर मावेना म्हणून ते चारही बाजूंनी कापलं गेलं. हे वाचताना आजही जीव कळवळतो.

पुढे फॅशन बदलली. गुळगुळीत, उजळ चित्रं लोकांना हवी झाली, आणि त्याचेच शिष्य फ्लिंक आणि बोल तशी काढू लागले. रेम्ब्रँट उलट्या दिशेनं गेला: आणखी दाट, आणखी खडबडीत. चरित्रकार हाउब्राकेन सांगतो, की त्याचं एक व्यक्तिचित्र नाक धरून उचलता येईल इतकं जाड होतं, आणि कुणी फार जवळ गेलं तर रंगाच्या वासानं त्रास होईल म्हणत तो त्याला मागे ओढी. आख्यायिकाच असेल. पण त्याचं चित्र कुठून पाहायचं, हे ती अचूक सांगते.

१६५६ मध्ये दिवाळं निघालं, घरही विकलं गेलं. १६६० मध्ये हेंड्रिक्ये ही त्याची सहचरी आणि मुलगा टीटस यांनी चित्रांची पेढी काढली आणि त्यालाच तिथे कामाला ठेवलं, म्हणजे नवी चित्रं सावकारांच्या हाती लागायला नकोत.

मला सर्वांत थक्क करते ती याच पडत्या काळातली एक गोष्ट. साधारण १६५६ ते १६६१ च्या दरम्यान तो मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनं करत होता. त्यातली तेवीसेक आज शिल्लक आहेत. शहाजहान आहे, जहांगीर आहे, झाडाखाली बसलेले चार सूफीही आहेत. कागद पूर्वेकडून जहाजानं आलेला, महाग, गुळगुळीत. चेहरे आणि दाढ्या केसाइतक्या बारीक रेषांत, आणि तलम जाम्यांवर शाईचा फिकट हात. एकीकडे कॅनव्हासवर रंगाचे ढीग रचले जात होते, तर दुसरीकडे तोच हात कधीच न पाहिलेल्या देशातल्या, तेव्हा जिवंत असलेल्या बादशहाची दाढी नाजूक रेषांनी रेखत होता.