पावसाळ्यात कपाटाचे दार का अडते?

उन्हाळ्यात एका बोटाने उघडणारे लाकडी कपाटाचे दार आषाढ लागला की हिसका दिल्याशिवाय उघडत नाही. मग सुताराला बोलावणे जाते. तो दाराची कड रंध्याने तासून देतो आणि पुढच्या चैत्रात त्याच दाराच्या फटीतून झुरळे सुखाने ये-जा करू लागतात! बोल मात्र सुताराला लागतो. खरे पाहता दोष बहुधा दाराच्या रचनेत असतो.

लाकूड म्हणजे बारीक पोकळ काड्यांची घट्ट बांधलेली जुडी, अशी कल्पना करा. या काड्या झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात. त्यांच्या भिंतींत सेल्युलोजच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात व त्याही बहुतांशी उभ्याच. दमट हवेतील पाण्याचे रेणू या साखळ्यांच्या मध्ये शिरतात व त्यांना एकमेकींपासून दूर लोटतात. साखळीची लांबी मात्र त्यामुळे वाढत नाही. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच.

किती फुगते? सागवानाच्या फळीतील पाणी तिच्या कोरड्या वजनाच्या एका टक्क्याने वाढले, की रुंदी साधारण ०·२ टक्क्याने वाढते. (फळी खोडाच्या मध्यातून आरपार कापलेली असेल, तर याच्या निम्म्यानेच.) दख्खनच्या पठारावर कडक उन्हाळा व भर पावसाळा यांत लाकडातील पाण्यात ८ टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा ४५ सें.मी. रुंदीचे अखंड फळ्यांचे दार सुमारे ७ मि.मी. फुगणार! रंग किंवा व्हार्निश लावल्याने पाणी शिरण्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही.

आता १२० सें.मी. उंच व ९० सें.मी. रुंद असे एक कपाट बांधायला घेऊ. खोका प्लायवुडचा करू. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर आळीपाळीने उभे-आडवे चिकटवलेले असतात. एका थराला ज्या दिशेने फुगायचे असते, त्याच दिशेने शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. त्यामुळे खोका फारसा हलत नाही.

पण खोक्याची पुढची बाजू उघडी. मागे फळी ठोकलेली असते, म्हणून तिकडचे कोन पक्के राहतात. बाजूने धक्का दिला तर पुढचा आयत तेवढा तिरका होऊ पाहतो. म्हणून पुढे सागवानी पट्ट्यांची चौकट बसवतात. हिला फेस फ्रेम म्हणतात. प्लायवुडच्या ओबडधोबड कडा झाकल्या जातात हा तिचा दिसणारा फायदा. मला मात्र तिचे कोपरे अधिक महत्त्वाचे वाटतात. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढून ती उभ्या पट्टीच्या खाचेत सरसाने बसवतात. एका खिळ्याभोवती पट्टी फिरू शकते, पण ५ सें.मी. रुंद पट्टीची जीभ खाचेत फिरणार कशी? येथे तरफेचा नियम आपल्या बाजूने असतो.

चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहायला गुण्याचीही गरज नाही. एक दोरी घ्या. बाहेरच्या बाजू ९० व १२० सें.मी. असतील, तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे दोन्ही कर्ण १५० सें.मी. भरले पाहिजेत. एक कर्ण लांब भरला, तर सरस ओला आहे तोवर त्याच कर्णाची टोके आत दाबायची.

आणखी एक गंमत पाहा. चौकटीतील उघड्या जागेची रुंदी ठरते आडव्या पट्टीच्या लांबीवरून, आणि लांबी तर बदलतच नाही! मग दारच तेवढे आटोक्यात ठेवायचे राहिले.

त्यासाठी दारही अखंड न करता चौकटीचेच करतात. उभ्या पट्ट्या ६-६ सें.मी. रुंद आणि मध्ये ३३ सें.मी. फळी. पट्ट्यांच्या आतल्या कडांना खोबण पाडून त्यात ही फळी नुसती सरकवून ठेवायची. आता दाराची रुंदी वाढेल ती फक्त १२ सें.मी. लाकडाची, म्हणजे २ मि.मी.च्या आत. मधली फळी ५ मि.मी. फुगेल, पण खोबणीच्या आतल्या आत. काम उन्हाळ्यात केले तर दोन्ही बाजूंना ३-३ मि.मी. जागा मोकळी सोडावी.

नवशिका उत्साहाने नेमका या खोबणीतच सरस ओततो. मग फळी कोरड्या हवेत आकसू पाहते, कडा जागच्या हलत नाहीत आणि एखाद्या रात्री फळी मधोमध तडकते.

एक प्रयोग करून पाहा. सुताराकडून घनलाकडाच्या रुंद फळीचा एक तुकडा मागून घ्या; प्लायवुड नको. मे महिन्यात त्याची लांबी व रुंदी नीट मोजून त्यावरच लिहून ठेवा. वजनही करा. ऑगस्टमध्ये तिन्ही मापे पुन्हा घ्या. वजन किती टक्के वाढले आणि रुंदी किती टक्के, यांचे गुणोत्तर काढून ते वर दिलेल्या ०·२ शी ताडून पाहा.