लिनक्सवर ‘लग्नाची सीडी’ लागत नाही? आधी कुलूप ओळखा, मग काम घ्या



समजा, तुम्ही शहापूरच्या बाजारात किंवा मुरबाडच्या स्टँडजवळ छोटं दुकान टाकलंय. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि जोडीला जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकून द्यायचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे या कामाला आता चांगलं निमित्त आहे.

किन्हवलीच्या काकांना तुम्ही लॅपटॉप तयार करून दिला. चार दिवसांनी काका परत हजर. “काय रे बाळा, काय टाकलंस यात? पोरीच्या लग्नाची सीडी लागतच नाही!”

इथे तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, काकांचा विश्वास. दुसरी, त्या लग्नाची बहुतेक एकुलती एक प्रत. घाईत “लिनक्समध्ये हे चालत नाही” म्हणालात तर गिऱ्हाईक गेलं. आणि इंटरनेटवर दिसेल ते कुलूपतोड सॉफ्टवेअर टाकलंत तर वेगळीच भानगड. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

दोष लिनक्सचा नाही

डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून भरलेलं असतं. ते उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला कोडेक म्हणतात. या पद्धतीवर अनेक वर्षं पेटंट होती आणि प्रत्येक प्रतीमागे पैसे भरावे लागायचे. फुकट वाटलं जाणारं लिनक्स हे पैसे कुठून भरणार? म्हणून बऱ्याच लिनक्समध्ये कोडेक आधीपासून टाकलेले नसायचे. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २०१२ मध्ये विंडोज ८ आणताना डीव्हीडी चालवायची सोय मूळ पॅकेजमधून काढून टाकली होती.

अमेरिकेतलं एमपेग-२ चं शेवटचं पेटंट २०१८ मध्ये संपलं. आज उबुंटू किंवा मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हीएलसी प्लेअर टाकला की कोडेकचा प्रश्न बहुतेक वेळा मिटतो. तरी सीडी लागली नाही, तर खरं कारण शोधायचं.

सीडी न लागण्याची चार कारणं

१. प्लेअर किंवा कोडेक नाही. व्हीएलसी टाका. काम झालं.

२. सीडीच खराब आहे. ओरखडे, बुरशी, मेणचट बोटांचे ठसे. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या सीडीला बुरशी येतेच. मऊ, स्वच्छ कपड्याने मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नको. कधी कधी रेकॉर्डिंग झाल्यावर सीडी ‘फायनलाइज’ केलेली नसते, तेव्हाही ती दुसरीकडे लागत नाही.

३. रिजन जुळत नाही. जगाचे भाग पाडून डीव्हीडी विकल्या गेल्या. भारत रिजन ५ मध्ये येतो, अमेरिका रिजन १ मध्ये. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली पिक्चरची डीव्हीडी इथे अडते ती यामुळे. ड्राइव्हचा रिजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, तेव्हा उगाच बदलत बसू नका.

४. कुलूप आहे. कंपनीने छापलेल्या पिक्चरच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असू शकतं. किल्ली मिळाल्याशिवाय चित्र उलगडत नाही.

आता महत्त्वाचं ऐका. दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या सीडीवर साध्या रायटरने हे कुलूप लावताच येत नाही. म्हणजे लग्न, बारसं, भजनी मंडळाचा कार्यक्रम, म्हसाच्या जत्रेचं शूटिंग, यातल्या कुठल्याही घरगुती सीडीला सीएसएस कुलूप नसतं. काकांच्या सीडीचं कारण पहिलं किंवा दुसरं असणार. कायद्याचा प्रश्नच येत नाही.

पाच मिनिटांची तपासणी

सीडी घालून फोल्डर उघडा. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर आणि आत व्हीओबी फाइल दिसल्या तर ती डीव्हीडी आहे. ‘एमपेगएव्ही’ फोल्डर आणि आत डॅट फाइल असेल तर ती जुनी व्हीसीडी. गावात दोन्हींना सीडीच म्हणतात, पण व्हीसीडीवर चित्राचा दर्जा कमी असतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर नंतर “तुझ्याकडून खराब झाली” असं ऐकावं लागेल.

घरगुती सीडी असेल तर वारंवार चालवून बघू नका. आधी तिची अख्खी प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा. सीडी अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अवघड भागाकडे नंतर वळतं. मग ‘हँडब्रेक’मधून एमपी-४ फाइल करा. हलत्या चित्रात आडव्या रेघा दिसत असतील तर ‘डीइंटरलेस’ चालू करा. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून काकांना तिथेच दाखवा. सीडी लागत नाही म्हणून आलेला माणूस पेनड्राइव्हचे पैसे देऊन जातो, आणि वाडीतल्या आणखी चार जणांना सांगतो.

कुलूपवाली डीव्हीडी आली तर

१९९९ मध्ये नॉर्वेतल्या जॉन लेक योहानसन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव हे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅममुळे जगभर झालं. त्याच्यावर खटला चालला. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, कारण स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघणं हा गुन्हा ठरला नाही.

आज लिनक्सवर हे काम ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ करतं. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅननेच ते बनवलंय. अमेरिकेसारख्या देशांत कुलूप उघडण्याविरुद्ध कडक कायदा आहे, म्हणून उबुंटू ते थेट देत नाही. ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचं छोटं पॅकेज देतं. आज्ञा अशा (उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, अक्षरं व्हिडिओत स्क्रीनवर बघून टाइप करा):

- सुडो एपीटी इन्स्टॉल लिबडीव्हीडी-पीकेजी
- सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी

हे पॅकेज व्हिडिओलॅनकडून मूळ कोड उतरवून तुमच्याच मशीनवर तयार करतं, त्यामुळे इंटरनेट चालू हवं.

आपला कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे हेतू महत्त्वाचा. विकत घेतलेली डीव्हीडी घरी बघणं वेगळं आणि तिच्या प्रती काढून विकणं वेगळं. प्रती विकल्या तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. दोनशे रुपयांच्या कामासाठी एवढी जोखीम घ्यायची का, तुम्हीच ठरवा.

याच कलमात दुकानदारासाठी एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहीत असते. दुसऱ्याला कायदेशीर कामासाठी कुलूप उघडायला मदत केलीत, तर त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. म्हणून काउंटरवर एक वही हवीच.

आणि लग्नाच्या सीडीचा हक्क कुणाचा? कलम १७ प्रमाणे पैसे देऊन शूटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक शूटिंग करून घेणारा. म्हणजे प्रत मागायचा अधिकार काकांचा. फक्त त्यात पिक्चरची गाणी टाकलेली असतात, म्हणून ती फाइल तुमच्या चॅनेलवर जाहिरातीसाठी टाकू नका. गाणी दुसऱ्याची आहेत आणि लग्न काकांच्या घरचं.

दुकानाचे तीन नियम

- घरगुती सीडी: काम घ्या. आधी प्रत, मग बाकी सगळं. मूळ सीडी परत दिल्याची सही घ्या.
- विकत घेतलेली पिक्चरची डीव्हीडी: बघण्याची सोय करून द्या, वहीत नोंद करा. प्रत काढून देऊ नका.
- शंका असेल तर “हे काम मी करत नाही” असं सरळ सांगा. नाही म्हणणारा दुकानदार गावात लक्षात राहतो, आणि पुढचं खरं काम घेऊन माणूस त्याच्याकडेच येतो.

आज एकच करा. घरातली एक जुनी सीडी काढा, वरची तपासणी करा आणि तिची पेनड्राइव्हवर प्रत बनवा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तुमचा दर त्या वेळेवरून ठरेल, शेजारच्या दुकानाच्या बोर्डावरून नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.