बाळाच्या वाटीतील वनस्पतीजन्य दही

सोयाबीन, नारळ किंवा बदामाच्या दुधाला विरजण लावून केलेले दही आता शहरांतील दुकानांत मिळू लागले असून, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ते द्यावे काय, असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर आंबटपणात सापडत नाही. ते दही कशापासून लावले आहे, यावर ठरते.

विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे केसीन हे प्रथिन गोठून त्याचे जाळे बनते. सोयाबीनच्या दुधात लॅक्टोज नसते. तरी त्यातील सुक्रोजवर काही जिवाणू वाढतात आणि सोयाबीनची प्रथिने केसीनपेक्षा कमी आंबटपणातच गोठत असल्याने दही बसते. नारळाच्या दुधात मात्र जाळे विणण्याइतके प्रथिनच नसल्याने त्याला स्टार्च किंवा पेक्टिनचा आधार द्यावा लागतो. १०० ग्रॅम साध्या दह्यात सुमारे ३ ते ४ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनचे दही त्याच्या जवळ पोहोचते, तर नारळाचे दही बरेच मागे राहते. ब१२ जीवनसत्त्व यांपैकी कशातच मुळात नसते आणि कॅल्शियमही बहुधा वरून मिसळावे लागते. म्हणून बिनसाखरेचे, ही भर घातलेले सोयाबीनचे दही चमचाभर देऊन पाहणे योग्य; मात्र गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाबीनही सोसत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पहिल्या वर्षी आईच्या दुधाची जागा यांपैकी कोणत्याच पदार्थाने घेऊ नये.

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावासाठी मात्र ‘दूधविरहित’ डब्याची जाहिरात फारशी कामाची नाही. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून शिजवलेली आंबील हाही वनस्पतीजन्य आंबवलेला पदार्थच असून, आंबवण्याने धान्यातील फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारे संयुग, कमी होते. अडचण वेगळीच आहे: पिठाची लापशी घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही आणि पातळ केली तर इवल्या पोटात नुसते पाणीच जाते.

या अडचणीवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात केलेल्या कामाला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एच. एस. आर. देशिकाचार यांनीही त्याच दिशेने काम केले होते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे स्टार्चच्या लांब साखळ्या तोडणारे विकर तयार होते. मोड आलेला गहू किंवा नाचणी वाळवून, हलके भाजून दळावी आणि चुलीवरून उतरवलेल्या, पण अजून गरम असलेल्या घट्ट लापशीत त्याचे चमचाभर पीठ घालून ढवळावे; चमचा उभा राहील अशी लापशी काही मिनिटांतच, पाण्याचा थेंबही न घालता, ओघळू लागते. तीत शेंगदाण्याचे बारीक कूट किंवा शिजवलेली डाळ मिसळली की प्रथिनांचीही सोय होते. ब१२ साठी अंडे उपयोगी पडते, आणि आदिवासी भागातील अंगणवाड्यांतून बालकांना अंडी देण्याची तरतूद राज्याच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आहेच.

मोडाच्या पिठासाठी ज्वारी वापरायची झाल्यास एक काळजी अत्यावश्यक आहे: तिच्या कोंबांत धुरिन हे सायनाइड सोडणारे संयुग असते, म्हणून वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढल्याशिवाय ती दळू नये.